यादीतलं शेवटचं कॉलेज

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि कोकण विभाग राज्यात पहिला आल्याची बातमी येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं हे विभागीय मंडळ, पण स्थापन झाल्यापासून त्याने पहिला नंबर सोडलेला नाही. २०२५ साली बारावीचा राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला, कोकणाचा ९६.७४. दहावीतही तेच, राज्य ९४.१० आणि कोकण ९८.८२. याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि वाटायलाच हवा. मग जून-जुलैत त्याच घरांतून प्रवेशाचे पसंतीक्रम भरले जातात. त्या याद्या एकदा वाचून बघा. वर पुणे, मुंबई, मग नवी मुंबई, ठाणे, कोल्हापूर, सांगली. आणि अगदी तळाला, कुठेच नाही लागलं तर असू दे म्हणून, इथली जवळची कॉलेजं: रत्नागिरी, आंबव, लोणेरे, मालवण, दापोली.

या तळाच्या नावांबद्दल मला लिहायचं आहे, कारण पुष्कळ मुलं अखेर तिथेच जातात. वरच्या चार-पाच नावांवर साऱ्या राज्याचा डोळा असतो आणि जागा मोजक्या असतात. एखाद्या गुणाने, एखाद्या फेरीने मुलगा घसरतो आणि यादीच्या शेवटाला येऊन थांबतो. घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी विचारतंच, "इथेच का घेतलं? मुंबईला नाही लागलं वाटतं?" मुलगा पानाकडे बघत "नाही" म्हणतो.

वर्षभराने त्याच मुलाला भेटा. बहुतेक वेळा तो मजेत असतो. प्रयोगशाळेतलं काहीतरी सांगत असतो, मित्रांची नावं घेत असतो, गणपतीच्या सुट्टीला घरी आला तरी चौथ्या दिवशी परत जायची घाई करतो. मोठी माणसं हे बघतात आणि म्हणतात, रुळला बिचारा. या 'बिचारा'ला माझा विरोध आहे. त्या मुलाचा आनंद खरा आहे. आणि तो खरा असल्यामुळेच ही शेवटची नावं निवडणं आणि ती कॉलेजं चांगली ठेवणं, ही दोन्ही कामं आज करतो त्याहून कितीतरी गंभीरपणे करायला हवीत.

रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणारा परभणीकडचा एक मुलगा आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. घरचे त्याला लहानपणापासून 'डॉक्टर' म्हणून हाक मारायचे. वैद्यकीय प्रवेश परीक्षेत दोनदा गुण कमी पडले आणि बीएफएस्सीला, म्हणजे मत्स्यविज्ञानाच्या पदवीला, नंबर लागला. समुद्र त्याने प्रवेश घ्यायला आला तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्याच्या घरात मासा शिजतच नव्हता. सुरुवातीचे काही महिने संध्याकाळी ओटीवर फोन चालायचा, "बाबा, पुढच्या मे महिन्यात अजून एकदा देतो, या टायमाला होईल." आम्ही स्वयंपाकघरात आवाज न करता ऐकत असू. त्याच्यासाठी जीव तुटायचा.

दुसऱ्या वर्षी थंडीत मी मिरकरवाडा बंदरावर मासळी आणायला गेले, तर हा एका टोपलीशी उकिडवा बसलेला, मांडीवर वही. मला बघून उठला आणि टोपलीतला बांगडा उचलून त्याचं तोंड माझ्यासमोर फाकवलं. "काकू, आत बघा. ही कल्ल्याची कमान. हिच्यावर ही पिसावानी लांब लांब दिसतेत ना, त्यातून तो पाण्यातलं बारीक खाद्य गाळून घेतो. म्हणून तोंड उघडं ठेवून पोहतो." जन्मभर बांगडे कापले, पण ते पिसांसारखे काटे मी कधी निरखून पाहिले नव्हते. मासळीवाली त्याला म्हणाली, "तोंड काय बघतोस, कल्ला लाल हाय काय ता बघ. ताजा मासा तितं कळतो." त्याने तेही वहीत लिहून घेतलं.

परीक्षा पुन्हा देण्याचा विषय कधी मागे पडला, ते त्यालाही सांगता येत नाही. आता तो कोळंबीच्या बीजकेंद्रात काम करतो.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. पण तो कोल्हा न मिळालेल्या द्राक्षांना नावं ठेवत होता. या मुलाच्या तोंडून डॉक्टरकीबद्दल वावगा शब्द मी ऐकलेला नाही. त्याला बोलायचं असतं ते मिळालेल्या गोष्टीबद्दल, तीही इतक्या बारकाईने की ऐकणाऱ्याला आपलं अज्ञान कळावं. स्वतःची समजूत घालणाऱ्याला विषयाची इतकी माहिती नसते. ही गोडी विषय हातात आल्यावर लागली आणि ती आधी लागणं शक्यच नव्हतं. सतरा वर्षांच्या मुलाने जी गोष्ट पाहिलेलीच नाही ती तो पसंतीक्रमात वर कशी टाकणार? आपण ज्याला मुलाची आवड म्हणतो ती पुष्कळदा क्लासच्या भिंतीवरच्या फलकांची आणि आत्याच्या मुलाच्या पगाराची आवड असते.

आपल्याला पुढे काय आवडेल याचे आपले अंदाज किती चुकतात, हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या मुलांवर तपासून पाहिलेलं आहे. तिथे पहिलं वर्ष संपताना पुढच्या वर्षांसाठी राहायची वसतिगृहं सोडतीने वाटली जात. काही इमारतींना मान होता, काहींचं नाव ऐकून मुलं नाकं मुरडायची. सोडतीआधी मुलांना विचारलं, अमुक इमारत मिळाली तर किती खूश असाल? नावडती मिळाली तर दिवस वाईट जाणार असं त्यांनी सांगितलं. प्रत्यक्षात राहून झाल्यावर विचारलं तर आवडत्या आणि नावडत्या इमारतींतली मुलं जवळपास सारखीच खूश निघाली. २००३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंदाज बांधताना मुलांनी इमारत आणि जागा बघितली होती. माणसांचा हिशेब फारसा धरला नव्हता. आपल्याकडे कॉलेजचं प्रवेशद्वार, आवाराचे फोटो आणि शहराचं नाव बघून जे ठरतं ते यापेक्षा वेगळं नाही. मुलाचे दिवस जातात ते खोलीतला जोडीदार, प्रात्यक्षिकातली बॅच, चहाला बोलावणारे सर आणि खानावळीतल्या मावशी यांच्यात. ही माणसं पसंतीक्रमाच्या फॉर्मवर नसतात.

दुसरा एक प्रयोग तर आपल्या प्रवेशफेऱ्यांसाठीच केला असावा असं वाटतं. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांचा तो अभ्यास २००२ सालचा. छायाचित्रं काढायला शिकणाऱ्या मुलांना स्वतः काढलेल्या दोन चांगल्या फोटोंपैकी एक ठेवायला सांगितला. काहींना सांगितलं, निवडलात तो कायमचा. काहींना सांगितलं, काही दिवसांत विचार बदलला तर बदलून घ्या. ज्यांना बदलता येत नव्हतं त्यांना आपला फोटो जास्त आवडू लागला. ज्यांना बदलता येत होतं ते घुटमळत राहिले. तरी आधी विचारलं तर बहुतेकांना बदलायची मुभा असलेलीच पद्धत हवी होती.

आता आपली कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेची, फेरी डोळ्यासमोर आणा. जागा मिळाली की मुलगा ती 'फ्रीझ' म्हणजे पक्की करतो किंवा 'बेटरमेंट'साठी, यादीतलं वरचं नाव मिळेल या आशेने, पुढच्या फेरीत जातो. बेटरमेंटवाला वर्गात आला तरी मनाने आलेला नसतो. तो जर्नल विकत घेत नाही, खानावळ महिन्याची लावत नाही, शेजारी बसलेल्याचा नंबर घेत नाही, कारण कदाचित जायचं आहे. ऑगस्ट तसाच जातो. ही सोय बंद करा असं मी म्हणणार नाही, एका गुणाने हुकलेल्या मुलाला तिचा आधार आहे. पण घरातल्या मोठ्यांनी फेऱ्या सुरू होण्याआधीच मुलाबरोबर बसून ठरवावं की अमुक फेरीनंतर हा विषय संपला. नंतर "अजून बघ, स्पॉट राउंडला काही होतंय का" हे फोन करू नयेत. मुलाचं मन जिथे बसायला लागलं आहे तिथून आपणच ते उठवत राहतो.

इथवर आलं की काही लोकांना फार सोपं वाटायला लागतं. मुलं कुठेही गेली तरी रमतात, मग एवढा विचार कशाला? मला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटते.

मुलं कुठेही रमत नाहीत. रमायला तिथे काहीतरी असावं लागतं. परभणीचा मुलगा रमला, कारण त्याच्या हातात खरा मासा आला, बंदर गावातच होतं, पेठकिल्ल्याला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र होतं आणि शंका विचारल्यावर उत्तर देणारे शिक्षक होते. दापोलीला घाटावरून येणारी कितीतरी मुलं नाइलाजाने येतात. त्यांना तिथे १९७२ साली स्थापन झालेलं विद्यापीठ मिळतं, ज्याने नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना आंबा दिला, कोय जवळजवळ नसलेला सिंधू दिला, ज्याच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातल्या काजूच्या जाती आज कोकणभर लावल्या जातात. कलम बांधायला शिकताना मुलाच्या हातात सुरी आणि खुंट असतो, आणि शिकवणाऱ्याने आयुष्य त्याच कामात घालवलेलं असतं. अशा जागी सतरा-अठरा वर्षांचं मूल न रमलं तरच नवल.

याच्या उलटही मी पाहिलं आहे. ओळखीतली एक मुलगी अशाच शेवटच्या पसंतीच्या एका कॉलेजात गेली, नाव सांगत नाही. तिथल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला बहुतेक दिवस कुलूप. ब्युरेट फुटलेली, शिकवणारे तासिका तत्त्वावरचे, तेही वर्षाच्या मध्यावर दुसरीकडे गेले. प्रात्यक्षिकाची वही तिने मागच्या वर्षीच्या मुलीकडून आणून आकड्यांसकट उतरवून काढली. तीही मैत्रिणींत हसत होती, स्नेहसंमेलनात नाचली. विषयाबद्दल मात्र तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तिचं हसू दाखवून कोणी मला सांगू नये की मुलं खूश आहेत, कॉलेज ठीक चाललं आहे.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तासाप्रमाणे पैसे मिळतात, सुट्टीत काहीच नाही, पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. अशा माणसाने मुलांची नावं पाठ करावीत, त्यांच्याबरोबर बंदरावर किंवा बागेत जावं अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? लहान गावातल्या कॉलेजची खरी ताकद हीच असते की शिक्षक मुलाला ओळखतो. वर्गात साठ मुलं असोत की तीस, तुझं काल काय अडलं होतं हे विचारणारा एक माणूस असला की यादीत तळाला असलेलं कॉलेज मुलाच्या मनात वर येतं. कायम जागा भरायच्या नाहीत, हा माणूसच काढून घ्यायचा आणि मग इथे कोणी येत नाही म्हणून तुकड्या बंद करायच्या, हे धोरण कोकणाला परवडणारं नाही.

कोकणाला म्हणते, कारण बाहेर जाण्याची सवय आपल्या हाडात आहे. आधी बोटीने, मग एसटीने, १९९८ पासून रेल्वेने. शिकलेलं मूल म्हणजे गेलेलं मूल, हे गृहीतच धरलेलं. त्या सवयीला वळण देणाऱ्या संस्था इथल्या लोकांनी आणि शासनाने एकेक करून उभ्या केल्या. रत्नागिरीत १९४५ साली कॉलेज निघालं, पुढे दापोलीचं विद्यापीठ, १९८१ ला मत्स्य महाविद्यालय, १९८९ ला लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, आणि अगदी अलीकडे, २०२१ मध्ये, सिंधुदुर्गात ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथे विदर्भातली, मराठवाड्यातली मुलं ओरोस कुठे आहे हे नकाशावर शोधत येतात. वॉर्डात म्हातारी आजी "माका पोटात दुकता" म्हणते, आणि कधीपासून, कुठल्या बाजूला, हे काढून घ्यायला त्यांना थोडी मालवणी शिकावी लागते. अशा मुलांनी इथे काही वर्षं आनंदाने काढली तर त्यातली थोडी तरी इथे राहतील. आमच्या जिल्ह्यात डॉक्टर नाहीत म्हणून आम्ही रडतो, तर आलेल्या मुलाला "एवढ्या लांब कशाला आलास?" असं विचारणं तरी थांबवू या.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. शेवटच्या पसंतीत मिळणारा आनंद ही कुणाला अडवून ठेवायची सबब होऊ नये. मुलींच्या बाबतीत हे फार होतं. मुलाला गुण कमी पडले म्हणून तो जवळच्या कॉलेजात जातो. मुलीला गुण असतात, पुण्याला जागाही लागलेली असते, आणि घरात ठरतं की मुलीची जात आहे, जवळच बरी. फीचं कारण तर आता पुष्कळ घरांत उरलेलं नाही. २०२४ च्या जुलैत राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. खर्च उरतो तो राहण्या-जेवण्याचा. तो भावासाठी काढला जातो आणि बहिणीसाठी जड वाटतो. अशी मुलगीही पुढे रमते, मुली रमतातच. तिच्या रमण्याकडे बोट दाखवून आई-वडिलांनी आपला निर्णय बरोबर होता असं म्हणू नये. तिच्या हातातली जागा तिच्याकडून काढून घेतली होती, ते तिच्या आनंदाने भरून निघत नाही.

गरीब घरातल्या मुलांबद्दलही असंच. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ साली दाखवलं की नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही जी मुलं कमी नावाच्या कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई नामांकित ठिकाणी गेलेल्या त्यांच्या बरोबरीच्या मुलांएवढीच निघाली. हुशारी आणि जिद्द मुलाबरोबर जाते, इमारतीबरोबर नाही, असा त्याचा अर्थ. पण त्याच अभ्यासात गरीब घरांतल्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजचा फायदा झालेला दिसला. कारण उघड आहे. ज्याच्या घरात दोन इंजिनीअर आहेत त्याला ओळखी घरूनच मिळतात. ट्रॉलरवर खलाशी असलेल्या बापाच्या मुलाला त्या कॉलेजातच मिळतात. तेव्हा खलाशाच्या मुलाला मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या नामांकित इंजिनीअरिंग कॉलेजात जागा लागली तर त्याला "इथे पण चांगलंच आहे" हे सांगू नका. त्याच्या राहण्याची सोय बघा, भाड्याला हातभार लावा आणि त्याला गाडीत बसवून द्या.

आणि ज्याला जागा लागली नाही त्याची सोय फॉर्म भरण्याआधीच करून ठेवता येते. आपण सगळा अभ्यास वरच्या नावांचा करतो, मागच्या वर्षीचे कटऑफ तोंडपाठ असतात. खालची नावं सायबर कॅफेत बसून पाच मिनिटांत टाकली जातात, कॅफेवाला सुचवेल ती. खरं तर जिथे जाण्याची शक्यता जास्त तिथे आधी पाय लावून यायला हवं. अकरावीची प्रवेशप्रक्रिया २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाली, दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. त्यातलं दहावं नाव असं असावं की ते मिळालं तर मुलाला सांगता येईल, हो, मी ते बघितलं आहे. प्रयोगशाळेचं दार उघडून बघावं, टेबलावर धूळ आहे की डाग आहेत. डाग असतील तर तिथे काम चालतं. वसतिगृहाच्या जेवणघरात एक जेवण जेवून यावं. शेवटची एसटी किती वाजता सुटते हे विचारावं, कारण तिच्यावर मुलाला ग्रंथालयात किती वेळ बसता येणार हे ठरतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठून त्याला विषयाबद्दल विचारावं. तो प्राचार्यांचं कौतुक करतो की मासा उघडून दाखवतो, त्यावरून कॉलेज कळतं.

हे पालकांनी एकट्याने करायचं काम नाही. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला प्रत्येक कॉलेजने दोन दिवस आपली दारं बाहेरच्या मुलांसाठी उघडी ठेवावीत, प्रयोगशाळा चालू स्थितीत ठेवून, शिकणारी मुलं माहिती द्यायला उभी करून. मुंबई विद्यापीठाची रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात उपकेंद्रं आहेत, त्यांनी आपापल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांकडून हे करून घ्यावं. आणि प्रत्येक विषयाला मंजूर जागा किती, कायम शिक्षक किती, तासिका तत्त्वावरचे किती, मागच्या वर्षी प्रात्यक्षिकं किती झाली, एवढ्या चार ओळींचं पत्रक कॉलेजच्या फाटकावर आणि तालुक्याच्या एसटी स्थानकात लावावं. फॉर्म भरायला निघालेलं कुटुंब तिथूनच जातं.